लाल फडक्यातली पोथी

शेजारची सून माझ्याच वयाची. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. एरवी तिला घरात कुणी पाच मिनिटं बसू देत नाही, पण पोथीवरून कुणी उठवत नाही. म्हणून श्रावणात सात दिवस ती पोथीला बसली आणि पोथीवर ठेवून सेलूच्या बाजारातून आणलेल्या रद्दीतली प्रेमाची कादंबरी वाचत राहिली. हे फक्त मला ठाऊक होतं. वाचताना तिचे डोळे भरून यायचे.

"कुनी बोलू नका तिला," सासू पोरांना दटावायची. "देवाच्या नावानं रडायलीय."

सातव्या दिवशी नैवेद्यासाठी हाक आली. दहा पानं राहिली होती. कादंबरी पोथीत दडवून ती चुलीपाशी गेली. सासूला कमी दिसतं. तिने तशीच पोथी लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली. आता पुढच्या श्रावणापर्यंत ती कुणी सोडायची नाही.

नळावर तिने मला विचारलं, "त्या दोघांचं लगीन झालं असंल का गं?"

"झालं असंल."

"न्हाई," ती घागर उचलत म्हणाली. "आधी वाटायचं. आता लय दिवस झाले, मला तसं वाटंना."

सासू रोज गाठोड्याला कुंकू लावते. सून मागे उभी राहून हात जोडते, तेव्हा मी तिच्याकडे बघत नाही.