सांडव्याचा दगड

नरसीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका अडीच एकर शेताचं प्लॉटिंग झालं, त्याचा नकाशा मी काढला. जमिनी मोजणं आणि लेआउटचे नकाशे करणं हा माझा धंदा. शेतमालकाने फीच्या बदल्यात मला वरच्या अंगाचा कोपऱ्यातला प्लॉट दिला, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत उंचावरचा. मी आढेवेढे घेतले नाहीत.

शेत उताराचं होतं. मधोमध आडवा बांध आणि बांधात दगडी सांडवा, म्हणजे वरच्या शेतातलं जास्तीचं पाणी खाली ओढ्याकडे सोडायची वाट. मोजणी मार्चमध्ये केली तेव्हा सगळं ठणठणीत कोरडं. गिऱ्हाइकाला सपाट प्लॉट लागतो म्हणून मालकाने जेसीबी लावून बांध भुईसपाट केला. सांडव्याचे दगड चांगले होते, ते मी ट्रॉलीभर उचलून कोपऱ्यातल्या प्लॉटवर बांधलेल्या माझ्या घराच्या जोत्याला आणि पायरीला वापरले. नकाशात रस्त्याच्या कडेने नाली दाखवली आणि पाणी कसं जाणार त्याचे बाण काढले. शेवटचा बाण सगळ्यांत खालच्या प्लॉटच्या हद्दीवर थांबला. नाली ओढ्यापर्यंत न्यायची तर एक प्लॉट कमी झाला असता. नकाशा मंजूर झाला, प्लॉट विकले गेले, मालक नांदेडला राहायला गेला आणि नाली कागदावरच राहिली.

तो खालचा प्लॉट साखऱ्याकडच्या एका मावशीने घेतला. घर शेळ्या-मेंढ्या राखणारं. नातीला इथल्या शाळेत घालायचं म्हणून तिने अर्धा कळप विकला होता. दोन खोल्या बांधल्या, कडेला शेळ्यांचा गोठा. दोन वर्षं पाऊस बेताचाच झाला. तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या आधी एकदा दिवसभर झोडपून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर गोठ्याची भिंत पडलेली, एक गाभण शेळी तिच्याखाली मेलेली, खोल्यांमध्ये गुडघाभर पाणी. नातीची वह्या-पुस्तकं पत्र्यावर वाळत घातली होती. माझ्या अंगणात चिखलसुद्धा नव्हता. मावशी रडत नव्हती. असंच दरसाल होणार असेल तर प्लॉट विकते आणि नातीला घेऊन गावी परत जाते, एवढंच ती म्हणाली.

मोकळ्या जागेतल्या लिंबाखाली सगळ्या प्लॉटवाल्यांची बैठक झाली. नाली ओढ्यापर्यंत बांधायची यावर लगेच एकमत झालं. खर्चाचा विषय निघाल्यावर मात्र जो तो घड्याळ बघू लागला. वरच्यांचं म्हणणं, आमच्या दारात पाणी साचत नाही, आम्ही कशाला द्यायचं. सगळी शेतकऱ्यांचीच पोरं. आमच्याकडे सांडवा वरच्याने आणि खालच्याने मिळून बांधायची रीत आहे. पाणी वरच्याचं म्हणून दगड त्याने आणायचे, जागा खालच्याने द्यायची. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण शेताचा प्लॉट झाला की माणूस सोयीने विसरतो.

वाटणीचा तक्ता करायचं काम माझ्याकडेच आलं. ज्याची जागा मोठी त्याचं पाणी जास्त, म्हणून खर्च क्षेत्रफळाप्रमाणे धरायला हवा होता. तसा धरला तर सगळ्यांत मोठा वाटा माझा. मी दर प्लॉटला सारखा वाटा लिहून मोकळा झालो. सारख्या वाटणीला कोण नाव ठेवणार? सगळ्यांनी माना डोलावल्या, मावशीनेही.

दोन दिवसांनी सकाळी ती आपला वाटा द्यायला घरी आली, सगळ्यांच्या आधी. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसली. पैसे माझ्या हातात ठेवले आणि नालीसाठी माझ्यातली चार फूट जागा घ्या म्हणाली. मग पायरीवर टेकलेला तिचा हात एका दगडाशी थांबला. त्या दगडाला ओंजळीएवढा खळगा आहे. त्यात आम्ही चिमण्यांसाठी पाणी ठेवायचो.

"ह्यो सांडव्याचा हाय," ती म्हणाली. "त्या शेतात आमी शेळ्या चारायचो. याच्यातच पाणी प्यायच्या त्या."

मी विचारलं, पाणी तिथूनच वाहतं हे माहीत होतं, तर मग खालचा प्लॉट घेतला कशाला.

"तुमी कागदावर नाली काढली व्हती न भाऊ."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलट काहीतरी सुनावलं असतं, तेवढा तिखट मी आहे. मला लाज वाटली.

मी तक्ता क्षेत्रफळाप्रमाणे पुन्हा केला आणि पुन्हा सगळ्यांना बोलावून वाचून दाखवला. शेवटचा बाण मीच अर्धवट सोडला होता, हेही सांगितलं. शेजारचा प्लॉटवाला म्हणाला, तुमी आपल्याच पायावर धोंडा मारून घेऊन राहिले. पण सगळ्यांत मोठा आकडा माझ्याच नावापुढे आहे म्हटल्यावर बाकीच्यांना फार ताणता आलं नाही. उन्हाळ्यात नाली झाली.

यंदा श्रावणात पुन्हा तसाच पाऊस आला. उघडल्यावर मी खाली गेलो. पाणी मावशीच्या नव्या गोठ्याला वळसा घालून ओढ्याकडे चाललं होतं. नात शाळेत गेली होती. नाली जिथे मावशीच्या जागेतून बाहेर पडते तिथे तो खळग्याचा दगड बसवला आहे. दोन करडं त्यात तोंड घालून उभी होती.

"तुमच्या घरचं पाणी हाय का हे?" मावशीने विचारलं.

त्यात माझंही आहे, मी म्हणालो.

"मंग जाऊ द्या माझ्या जागेतून," ती म्हणाली आणि करडांना हाकलत आत गेली.

माझ्या पायरीतली त्या दगडाची जागा अजून रिकामीच आहे. मिस्त्री दोनदा विचारून गेला. घरात शिरताना पाय जरा लांब टाकावा लागतो.