मागं सरकणारा पाय

माझी पोरगी फुटबॉल खेळते. शाळेतलं खेळणं नाही, पगारी खेळणं. दूरच्या एका शहरातल्या क्लबानं दहा महिन्यांचा करार करून तिला घेतलं, राहणं-जेवण त्यांचंच. आमच्या गावात, एकोडीत, हे सांगितलं की लोक आधी विचारतात, गोल किती मारले? एकही नाही म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. पोरगी मागच्या ओळीत खेळते, गोल होऊ न देणं हेच तिचं काम, हे समजावून सांगायचा मला आता कंटाळा आला आहे. भाजी चांगली झाली तर घरात कोणी तोंड उघडत नाही आणि मीठ जास्त झालं की सगळ्यांना बोलता येतं, तसलं ते काम आहे.

मलाही ते तिनंच शिकवलं. हिवाळ्यात चार दिवस घरी आली होती. मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते, तर तिनं त्यातल्या चार उचलून जमिनीवर एका ओळीत मांडल्या.

"ह्या आम्ही चौघी. चेंडू निघायच्या आधीच समोरची पोरगी आमच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, तर झेंडी वर होते. मग तिनं गोल मारला तरी धरत नाही. म्हणून आम्ही चौघी एकदमच पुढं सरकतो. ती आपोआप पलीकडे एकटी पडते."

"आणि तुमच्यातली एखादी मागंच राहिली तर?"

"तर झेंडी नाही. मग तिले रान मोकळं."

"म्हणजे आपल्या रोवण्यासारखंच झालं," मी म्हटलं.

"उलटं आहे आई," ती हसून म्हणाली. "रोवण्यात मागं जातात."

तेव्हा मीही हसले. महिन्याभरात ते हसू माझ्या अंगाशी आलं.

ज्यांनी धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, पाहिली नाही त्यांना सांगते. चिखल केलेल्या बांधीत, भाताच्या खाचरात, बायका ओळीनं वाकून उभ्या राहतात, हातातल्या पेंडीतले परे, म्हणजे धानाची रोपं, रोवतात आणि एकेक पाऊल मागं सरकतात. पुढं पाऊल टाकलं तर आत्ताच रोवलेलं पायाखाली जातं. पोरगी दहा वर्षांची असताना मी तिला त्या ओळीत उभी केली. शाळेला सुट्टी असली की ती माझ्या डाव्या हाताला. पोर चंचल, सारखी पुढं पाय टाकायची, आणि मी हातातली ओली पेंडी तिच्या पोटरीवर सटकन मारायची. "पाय मागं घे." किती वेळा म्हटलं असेल, देवालाच माहीत. दोन वर्षांत तिचा पाय असा वळला की सांगावं लागेना.

आणि तोच पाय आडवा आला. गेल्या महिन्यात एका सामन्यात तिघी पुढं सरकल्या आणि माझी पोरगी दोन पावलं मागं. झेंडी वर झालीच नाही, गोल झाला, सामना गेला. फोनवर तिचा आवाज बसलेला होता.

"मले समजलंच नाही आई. घाबरली का पाय मागंच जाते. आपोआप."

त्यांना शिकवणाऱ्या मॅडमनी तिला साफ सांगितलं होतं, असं आणखी एकदा झालं तर बाकावर बसायचं आणि करार पुढं वाढायचा नाही. करार संपायला तीन आठवडे उरले होते.

घरी कोणाला काय सांगू? पोरीचे बाबा म्हणाले असते, एका चुकीचं एवढं काय घेऊन बसली. त्यांना कुठं माहीत की ती चूक माझ्या हातची होती. मीच त्या पायाला मारून मारून मागं जायला लावलं होतं. मला माझाच राग येत होता आणि तो मी भांड्यांवर काढत होते.

पुढचा सामना दुपारचा होता आणि नेमका त्याच दिवशी आमच्या बांधीत उन्हाळी धानाचा रोवणा. नऊ बाया सांगून ठेवलेल्या, परे खणून पेंड्या बांधलेल्या, थांबायची सोयच नाही. पोरीच्या बाबांना मोटरचा पट्टा बदलायचा आहे हे बरोबर तेव्हाच आठवलं आणि ते साकोलीला निघून गेले. मोटर तर चांगली चालू होती. त्यांच्याच्यानं सामना पाहवत नव्हता, दुसरं काय.

रोवण्यात माझ्या मोठ्या जावेचा शब्द चालतो. सामना पाहू का विचारलं तर ती म्हणाली, "पाह्य ना, कोण नाही म्हणते? हात चालू ठेव म्हणजे झालं." मग मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर घमेलं उपडं घातलं, त्याला टेकवून फोन ठेवला आणि धुऱ्याजवळची कड धरून उभी राहिले. एक पेंडी सोडायची, दोन परे रोवायचे, मान वर करायची, असं चाललं होतं.

आमचा गोल लवकरच झाला. पेनल्टी मिळाली, एकीनं मारली, एक-शून्य. बायांना आनंद झाला. मला नाही झाला, कारण आता तो एक गोल पोरीच्या गळ्यात बांधला होता. बाकीचा सगळा सामना तो समोरच्यांपासून राखायचा होता.

फोनवर पोरगी बोटाएवढी दिसत होती, डावीकडून दुसरी. मी चेंडू पाहतच नव्हते, त्या चौघींना पाहत होते. समोरचीनं चेंडू मागं दिला की चौघी एकदम चार पावलं वर यायच्या. तिनं मान उचलून लांब पाहिलं की जागच्या जागी थबकायच्या. चेंडू अंगावर आला की खांद्याला खांदा ठेवून मागं. उजव्या टोकाची पोरगी सारखी उशीर करत होती आणि माझी तिला हातानं बोलावत होती. दोनदा झेंडी वर झाली. एकदा चेंडू खांबाला लागून परत आला, तेव्हा माझ्या हातातली पेंडी पाण्यात पडली.

"तुही पोरगी तर चेंडूले हातच लावत नाही व," जाऊ म्हणाली.

"हात लावत नाहीत बाई, पायानं खेळतात."

"तेच म्हणून राहिली. पायही नाही लावत."

एरवी मी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी मी नुसती पुढची पेंडी सोडली.

वेळ संपली आणि वरची पाच मिनिटं मिळाली. त्यातली चार गेली. समोरच्या संघातली उंच पोरगी माझ्या पोरीच्या खांद्याशी येऊन उभी होती, तिच्याकडून निसटायला टपलेली. मध्यभागी त्यांच्यातल्या एकीला चेंडू मिळाला. ती वळली. आता ती मान वर करणार, त्याच्या आत चौघींनी पुढं व्हायला हवं होतं. आणि मला दिसलं. माझ्या पोरीची डावी टाच उचलली गेली, मागं जायला. ती टाच मी हजार वेळा पाहिली आहे, माझ्याच शेजारी, चिखलात.

"पुढं," मी म्हटलं. "पुढं व पोरी, पुढं."

चेंडू सुटला. उंच पोरगी एकटी धावत गेली आणि तिनं आरामात गोल मारला. तिच्या संघातल्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला वाटलं, झालं, पोरगी घरी आली. मग फोनवर मैदानाच्या कडेला उभी असलेली बाई दिसली. तिची झेंडी वर होती. गोल धरला नाही, आणि थोड्याच वेळात शेवटची शिटी झाली. जिंकलो आम्ही, एका गोलानं.

मागून जावेचा आवाज आला. "तू कुठं जाऊन उभी आहे, पाह्य जरा."

मी खाली पाहिलं. ओळ माझ्या मागं राहिली होती आणि मी तीन पावलं पुढं, आत्ताच रोवलेल्या धानात. परे चिखलात दबून गेले होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कोणी हसलं नाही. जावेनं एक पेंडी माझ्याकडे फेकली आणि म्हणाली, "रोव आता ते."

मी ते रोवत होते तेव्हा फोन वाजला. पदराला हात पुसून घेतला.

"आई, पाहिलं काय तू?"

"पाहिलं."

"खरं सांग. माहा पाय मागं गेला होता ना?"

नाही म्हणता आलं असतं. "टाच उचलली होती तू," मी म्हटलं. "मग पुढं टाकली."

मग ती म्हणाली, "मॅडमनं बोलावलं होतं. आता ओळीले आवाज मी द्यायचा म्हणते. करारही वाढवतो म्हणते."

इतके दिवस आत ठेवलेलं तोंडावर आलं. "पोरी, तो पाय मीच बिघडवला. मारून मारून मागं न्यायले शिकवलं तुले."

"कायले असं बोलते आई?" ती म्हणाली. "अर्धी मॅच तर मागंच जावं लागते. बाकीच्या वाकड्या-तिकड्या जातात. मॅडम त्यांले म्हणते, हिच्यासारखं सरळ मागं जा. मले तर ते कोणी शिकवलंच नाही इथं."

मी नुसतं हूं म्हटलं.

"फोन ठेव व आता," जाऊ ओरडली. "ओळ थांबून आहे तुह्यासाठी. मागं ये."

मी फोन कमरेला खोचला, पेंडी उचलली आणि पाय मागं घेतला.