सतरंजीवर राहिलेला कागद

दारव्ह्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा आठवीची सगळी मुलं एकच निबंध लिहीत, गाईडातला. सगळ्यांच्या आया पहाटे उठत आणि सगळ्यांच्या गाई पांढऱ्याशुभ्र. वाचून वाचून माझं डोकं उठे. शेवटी मी बाकं भिंतीला सरकवली, मुलांना सतरंजीवर गोल बसवलं आणि नियम केला. डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, कागद शेजाऱ्याच्या हातात द्यायचा, त्यानं तो मोठ्यानं वाचायचा आणि काय राहून गेलं ते सांगायचं. मुख्याध्यापकांना ही थेरं वाटत. मला मात्र भारी हुरूप होता.

पहिल्याच फेरीत तो उतरला. वर्गात नव्यानं बौद्ध झालेल्या घरातली एक मुलगी होती. तिनं कागद पुढे केला आणि शेजारणीनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. कागद सतरंजीवर पडला. मी समजावलं, रागावले, अक्षरशः विनवण्या केल्या. कोणी उचलला नाही. मीच वाचते म्हटलं, तर ती नको म्हणाली. नियम शेजाऱ्यानं वाचायचा होता. पुढच्या फेरीतही तेच झालं.

मग तिची आई शाळेच्या दारात आली. वावरातून तशीच आली होती, कमरेला कापसाची ओटी बांधलेली.

"बाई, माह्या पोरीचं कोणी वाचतच नाही, त मंग तिले लिवाले कायले लावता?" ती म्हणाली. "उद्याचा दिवस पाह्यतो. नाही त सोमवारपासून येईन ते माह्यासंगं कापूस येचाले."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी स्वतः लिहायला बसले: पुढे केलेला हात, मांडीखाली गेलेले हात, सतरंजीवरचा कागद. दुसऱ्या दिवशी मी गोलात त्या मुलीच्याच शेजारी बसले आणि माझा कागद तिला वाचायला दिला. तिनं न अडखळता वाचला. मुलांनी माना खाली घातल्या.

काय राहिलं, मी विचारलं.

"माह्या कागदात काय होतं ते राह्यलं, बाई," ती म्हणाली आणि सांगू लागली. "मायनं भिंतीतल्या देवळीतले देव काढले. देवळी सारवली अन् तिथं माही पुस्तकं ठेवली. आता माय रोज त्याईले हात लावून वावरात जाते."

त्याच शेजारणीनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. घंटा झाली, मुलं पांगली. माझा धीर पार सुटला होता. ती एकटीच मागे राहून सतरंजी गुंडाळत होती.

"सोमवारी मी येचाले जाईन," ती म्हणाली. "पण विषय सांगून ठेवजा, बाई. मी लिवून ठेवतो."

मला एकही विषय सुचेना.