सगळ्यांच्या गच्चीवरची वांगी

“याच्याकडेही वांगीच?” आतून कुणीतरी म्हणालं आणि पाठोपाठ दोन माणसांचं हसणं ऐकू आलं.

मी एग्मोरच्या एका कॉलेजच्या व्हरांड्यात बाकाच्या अगदी टोकाला बसले होते. समोरच्या खोलीचं दार स्प्रिंगचं होतं आणि ते पुरतं मिटत नव्हतं. आत मुलाखती चालू होत्या. या कॉलेजात फी माफ असलेल्या थोड्या जागा असतात आणि त्यांच्यासाठी आमच्या वर्गातली सात मुलं आली होती. सगळी तमिळ माध्यमातून बारावी झालेली, सगळी आपापल्या घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. आतला मुलगा चौथा होता. हसणं ऐकून बाकावरच्या एका मुलीने हातातला रुमाल घट्ट आवळला. तिचा नंबर शेवटचा होता, आणि ती वांगी तिची होती.

हे कसं झालं ते सांगायचं तर आमच्या वर्गापासून सुरुवात करायला हवी.

वर्ग तिरुवल्लिकेणीत, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका तो चालवतात. बारावीची परीक्षा संपली की कॉलेज सुरू होईपर्यंत संध्याकाळी मुलं येतात आणि कॉलेजात गेल्यावर गोंधळायला होऊ नये म्हणून जे जे लागेल ते शिकतात. व्याख्यान चालू असताना टिपणं कशी काढायची, ईमेल कसा लिहायचा, सर व्हरांड्यातून गेले तर सगळ्यांनी उठून उभं राहायची गरज नाही, वगैरे. मुख्याध्यापिका बाईंनी मला इंग्रजी बोलणं शिकवायला बोलावलं. त्यांचा फोन आला तेव्हा मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

घरी सांगितलं तेव्हा आई पोळी लाटता लाटता थांबली. “बोलायला शिकवणार? तू?”

“अगं, हिला आपण सुटे पैसे मागायला दुकानात पाठवत नाही,” बाबा पेपरामागून म्हणाले.

बाबांची केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे आम्ही मी पहिलीत असताना इथे आलो आणि इथलेच झालो. मराठी घरात, इंग्रजी शाळेत, तमिळ रस्त्यावर. मला तिन्ही भाषा येतात आणि तिन्हींमध्ये मी गप्प असते. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी म्हटल्यावर लोकांना वाटतं, ही धडाधड बोलत असेल. मी निबंध चांगले लिहायचे, एवढंच.

वर्गात पहिल्या दिवशी मी दारातून आत गेले तर सगळी मुलं हाताची घडी घालून उभी राहिली आणि एका सुरात गुड ईव्हनिंग म्हणाली. मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. दुसऱ्या दिवशी जिन्यात असताना वरून कुजबुज ऐकू आली. “आज कुणी उभं राहू नका रे. अक्का लाजते.” त्या दिवशी सगळे बसूनच होते, आणि माझ्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की मलाच हसू आलं. मग आमचं जमलं.

त्यांच्या शाळेत शिकायची एक पद्धत आहे. वर्गाचा लीडर उभा राहून एक वाक्य वाचतो आणि बाकीचे ते सुरात म्हणतात. पुन्हा पुढचं वाक्य, पुन्हा सूर. प्रश्नोत्तरं, कविता, विज्ञानाच्या व्याख्या, सगळं असंच. आमच्या वर्गातही त्यांनी न विचारता लीडर नेमला होता. तीच ही रुमालवाली मुलगी. बुटकी, दोन वेण्या वर बांधलेल्या, एका वेणीला गजऱ्याचा तुकडा. आवाज मात्र मोठ्या माणसाचा.

तिची आई एका मॅन्शनच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. तिरुवल्लिकेणीत नोकरीला आलेली एकटी माणसं एकेक खोली घेऊन राहतात, त्या इमारतींना इथे मॅन्शन म्हणतात. त्या मॅन्शनच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या लुंग्यांच्या मधे, या मुलीने रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये वांगी, पुदिना आणि टोमॅटो लावले आहेत. एका संध्याकाळी तिने मला ओढत नेऊन दाखवलं. वांग्यांवर मावा पडला होता, पानांखाली बारीक हिरवी कीड. ती मेसमधलं उरलेलं आंबट ताक पाण्यात कालवून पानांवर शिंपडत होती आणि कुठल्या पानाला किती फरक पडला ते मला पानं उलटी करून दाखवत होती. एक टकला गृहस्थ बनियनवर वर आला, दोरीवरची आपली लुंगी काढून घेतली आणि म्हणाला, “ताकाचा वास येतो माझ्या कपड्यांना. ऑफिसात मला मोरकुळंबू म्हणतात.” मोरकुळंबू म्हणजे इथली ताकाची आमटी.

“मग परवाची वांगी परत द्या, अण्णा,” ती म्हणाली.

तिला वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. तिच्या मामाने त्याच्या ओळखीच्या साडीच्या दुकानात तिच्यासाठी जागा सांगून ठेवली होती. आई म्हणाली होती, या कॉलेजात फी माफ झाली तर शिक, नाही झाली तर मामा म्हणेल तसं. दुसऱ्या कॉलेजचा विचार करायची घरात सोय नव्हती.

स्वतःची ओळख करून द्यायचा सराव सुरू केला तेव्हा तिने आपली ओळख इंग्रजीत स्वतः लिहून आणली. मी कुठे राहते, आई काय करते, गच्चीवर वांगी कशी लावली, माव्याला ताक कसं लागू पडलं. मी दोन-चार चुका दुरुस्त केल्या. ती उभी राहून वाचायला लागली आणि पहिलं वाक्य संपताच सवयीने सगळ्या वर्गाने ते सुरात म्हटलं. मी काही बोलायच्या आत दुसरं वाक्य झालं होतं. मला ते ऐकायला आवडलं आणि पुढेही मी रोज तसंच चालू दिलं, हेही खरं. खाली वाचनालयात पेपर वाचणारे आजोबा एकदा मला म्हणाले, “ताकाचं पाणी किती पातळ करायचं ते नाही सांगितलं मुलांनी.”

नंतर प्रत्येकाने आपापली वेगळी ओळख लिहिली. कुणाचा कॅरम, कुणाचे वडील मासे विकणारे, कुणाची आजी. सगळ्यांची तयारी झाली होती.

आणि आता मुलाखतीत सगळ्यांच्या तोंडून वांगी निघत होती.

चौथा मुलगा बाहेर आला. उंच, हसरा, याला कॉमर्स हवं होतं. माझ्या शेजारी बसून म्हणाला, “अक्का, माझं मला येत होतं. कॅरमचं. पण त्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि तोंडातून हिचंच बाहेर पडलं.”

“तुझ्या घराला गच्ची कुठे आहे?” पाचव्या नंबरच्या मुलीने विचारलं.

“पत्रा आहे. पुदिना लावून आलो त्याच्यावर.”

“ताक सांगितलंस?”

“सांगितलं ना. फार छान सांगितलं.”

सगळे तोंडावर हात ठेवून हसले. लीडरसुद्धा हसली, पण तिचे डोळे दारावरच होते. पाचवी जाताना म्हणाली, “मी नाही म्हणणार, आई शप्पथ,” आणि थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, सुरात, बादल्यांच्या वाक्यापाशी. सहावा तर आत शिरतानाच पुटपुटत होता.

मग लीडर गेली. तिने आत जाताना गजरा चाचपला. मी दाराच्या फटीकडे तोंड करून बसले. नाव सांगितलं, मॅन्शन सांगितलं, आईचं सांगितलं. वांग्यांचं वाक्य सुरू झालं आणि आतल्या बाई म्हणाल्या, “पुढचं मी सांगू का? मावा पडला, मग ताक.” आत दोघंही हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. सातव्यांदा तेच ऐकल्यावर कुणीही हसेल. त्या पुढे म्हणाल्या, “पाठांतर चांगलं करून घेतलंय तुमच्याकडून. पण वनस्पतिशास्त्राला फक्त एकच जागा उरली आहे, मुली, आणि आम्हाला ती झाडांची खरी आवड असलेल्या मुलीला द्यायची आहे.” एक खुर्ची सरकली आणि ती बाहेर आली.

“झालं, अक्का,” ती म्हणाली.

“तू सांगितलं नाहीस, की ते तुझं आहे म्हणून?”

“कसं सांगू? सगळेच म्हणाले की त्यांचं आहे.” तिने बाकावरच्या बाकीच्यांकडे पाहिलं. “आणि मी माझं म्हटलं तर हे सगळे खोटे ठरतील ना.”

उंच मुलगा उठून उभा राहिला. “ठरू दे. मी आत जाऊन सांगतो, मी खोटा.”

“तू गप्प बस. तू परत पुदिना सांगशील.” मग ती मला म्हणाली, “घरी जाऊ या, अक्का. मामांना फोन करायचाय.” ती रुमालाची घडी घालू लागली, नीट, चारही कोपरे जुळवून.

मी सहसा अशा वेळी काय करते ते मला ठाऊक आहे. मी वाट बघते. दुसरं कुणीतरी बोलेल, मोठं कुणीतरी येईल. व्हरांड्यात पाहिलं, तिथे मोठं असं मीच होते. आत कागद गोळा केल्याचा आवाज येत होता. मी उठले, तिचा हात धरला आणि दार ढकललं. स्प्रिंग करकरली आणि दोघंही वर बघायला लागले, जाड चष्म्याच्या बाई आणि त्यांच्या शेजारी बसलेले एक तरुण सर.

जागा तिला मिळाली, हे इथेच सांगून टाकते. बाईंनी तिला मग तमिळमध्ये माव्याबद्दल, मातीबद्दल, उन्हाबद्दल इतकं विचारलं की बाहेर ताटकळलेली मुलं शेवटी वडे खायला गेली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्गावर आली की नव्या मुलांना आधीच दम देते, आपापलं बोला म्हणून. कॅरमवाल्याला कॉमर्स दुसऱ्या कॉलेजात मिळालं. आईला अजून वाटतं की मी हे सगळं रंगवून सांगते.

पण तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. “येस?” बाई म्हणाल्या. माझ्या मुठीत तिचं मनगट होतं, आणि ते मागे ओढ घेत होतं. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि अर्ध्यातून तमिळमध्ये कधी गेले ते मला कळलं नाही.

“मॅडम, बाकीच्यांनी हिचं पाठ केलंय. हिने कुणाचंच केलेलं नाही. झाडं खरी आहेत, मी पाहिली आहेत. गेटवर ऑटो उभ्या आहेत. तुम्ही आत्ता माझ्याबरोबर तिरुवल्लिकेणीला चला, मी दाखवते.”