पाणी मारलेला सोडा

फुलपाड्याच्या मालनचा संशय साऱ्या चाळीला ठाऊक. देवापुढे समई लावतानाही तेल कुणी कमी केलं का, हे ती वाकून बघणार. हीच मालन घरी साबण करायची. खोबरेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं. सोडा पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, हा नेम ती सोवळ्यासारखा पाळी. विस्तवाशिवाय पातेलं तापे. वड्या विकायच्या क्लेमेंटीनच्या दुकानात, सोडाही तिथलाच.

यंदा दोन घाणे बिघडले. वड्या मऊ, तेलकट. गिऱ्हाइकं परत आणून आदळू लागली. क्लेमेंटीनने बजावलं, "पुन्ना असा माल आला तर ठेवनार नाय." दुसरं कुणी ठेवणारं नव्हतं. मालनने डबा उघडला, तर सोड्याच्या पांढऱ्या कपच्या ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. ती तडक दुकानात.

"वजन वाढवाला पानी मारतेस का गो सोड्याला?"

"मी? तुज्यासमोर सील फोडलं ना? मिठाच्या पान्यात वीज सोडून कारखान्यात बनतो तो."

"मिठाच्या? मंग मिठागरात उभं राहून माज्या बापाचे पाय कसे नाय विरघळले?"

"विरघळली तुजी अक्कल! बस इथं."

क्लेमेंटीनने नवं पाकीट फोडून चार कपच्या स्टीलच्या ताटलीत ठेवल्या. मालन स्टूल ओढून राखणीला बसली. क्लेमेंटीन जवळ आली की ताटलीवर पदर धरी. खाडीकडून दमट वारा येत होता. हळूहळू कपच्या चकाकल्या, मग त्यांच्याखाली ओल सुटली. हात कुणीच लावला नव्हता.

"हवेतलं पानी ओढतो तो, बाय. ओल्याचं वजन भरतं, जोर नाय भरत. मंग तेल तसंच राहतं. डबा घट्ट लावतेस ना?"

"लावते. पन बघते मधी मधी."

"काय बघतेस?"

"रिद्धीने मोरी धुवाला काढला का ते."

"नव्या सुनेवर पन? कवा बघतेस?"

"पूजा झाली की."

"आन?"

"दिवाबत्ती झाली की."

क्लेमेंटीन हसता हसता गल्ल्यावर वाकली. मालनने मनातल्या मनात देवाची माफी मागितली. क्लेमेंटीनची कशी मागावी, ते सुचेना.

"एक सीलबंद पाकीट दे," शेवटी ती म्हणाली. ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत क्लेमेंटीनपुढे सारलं. "तुज्याच कपाटात ठेव. साबन करायच्या दिवशी नेईन. घरी माजा हात गप ऱ्हानार नाय."

क्लेमेंटीनने ते आत ठेवलं.

दारापर्यंत गेलेली मालन वळली. "कपाटाची चावी कुनाकडं असते गो?"