मंगळवार-शुक्रवारचा डबा

मुलुंडच्या त्या कॉलेजात लवू घाडी होता शिपाई, पण चालायचा असा, की नवीन पोरं त्यालाच प्रिन्सिपॉल समजून गुड मॉर्निंग घालायची.

स्टोअररूमशेजारच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी समुपदेशक इरावती मॅडम बसायच्या. ज्यांचं मन ठिकाणावर नाही त्या पोरांनी यावं, बोलावं. बाहेर स्टुलावर लवू आणि त्याच्या मांडीवर ऑफिसचं रजिस्टर. नाव, वर्ग, येण्याचं कारण. कारण! झोप उडालीय, सारखं रडू येतंय, हे पोरानं भर पॅसेजमध्ये लिहायचं, मागे एटीकेटीच्या फॉर्मची लाइन. हे डोकं कुणाचं चाललं देव जाणे. तीन महिने तिकडे कुत्रं फिरकलं नाही. मॅडम आत बसून शब्दकोडी सोडवायच्या.

मग लवूनं शक्कल लढवली. कूलरपाशी येऊन पाणी न पिणारा, तीच नोटीस चौथ्यांदा वाचणारा पोरगा त्याला लांबून ओळखू यायचा.

"बोनाफाईड दाखला हवाय ना तुला?" तो दरडावायचा.

"नाही काका..."

"गप रे. हवाय. जा आत."

आणि रजिस्टरात झोकात लिहायचा, कारण : बोनाफाईड. वर्षभरात एवढे बोनाफाईड झाले की हेडक्लार्क नंदकिशोर चक्रावले. "अरे लवू, दाखले तर खिडकी नंबर दोनला मिळतात ना?"

"मिळतात सायबा. पण हय जरा मनापासून देतत."

भांडुपला चाळीत तो छाती फुगवून सांगायचा, "पोरगं नुसतं दिसू दे, पोटातलं ओळखतो." बायको शकु म्हणायची, "होय तर! आधी मिठाचा डबा ओळखा."

त्याची रुचिरा त्याच कॉलेजात, एस.वाय.ला. गुणी पोर. दुपारी बापाचा डबा आणून द्यायची, दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहायची. "जा गो, लेक्चर बुडात," तो म्हणायचा. लेक जीव टाकते बापावर, आणखी काय हवं!

त्या शुक्रवारी तिनं डबा दिला, कूलरचा नळ उघडला, बंद केला. पाणी प्यायली नाही.

लवूचा हात झाकणावर थांबला. सोमवारी डबा तो स्वतःच घेऊन येतो. बुधवारी, गुरुवारीही. ही आणते ती फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. जूनपासून. आता दिवाळी तोंडावर आली. अख्ख्या कॉलेजची पोरं त्यानं ज्या दारातून आत ढकलली, त्याच दारात हिचा बाप पहारा देत बसला होता. शरमेनं त्याचे कान तापले. मेल्या लवू, डोळे खंय ठेवले होतंस?

"बोना..." त्यानं सुरुवात केली, पण शब्द अर्ध्यावरच सोडला. तो उठला. "रुचि, मी टपरीवर चहा पिऊन येतो. अर्धा तास तरी लागेल. रजिस्टर इथेच आहे." आणि मागे न बघता जिना उतरला.

टपरीवर चहावर साय धरली, तरी त्याला प्यायचं सुचलं नाही.

परत आला तेव्हा खोलीचं दार आतून बंद होतं. रजिस्टरात शेवटची ओळ लेकीच्या अक्षरात. रुचिरा लवू घाडी, एस.वाय. कारण : बाबांचा डबा.

लवूनं स्टूल उचललं आणि पार पॅसेजच्या टोकाला नेऊन ठेवलं. तिथून आतलं काही ऐकू येत नाही. तेवढ्यात एक पोरगा घुटमळत आला. "काका, ते... बोनाफाईड..."

"थांब रे जरा," लवू सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं म्हणाला. "मॅडमकडे माझी मुलगी बसलीय. तिचं बोलून होऊ दे."