पाठीतल्या यंत्राची पूजा

दसऱ्याला आमच्याकडे स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन सगळ्यांना हळदकुंकू लागतं. यंदा आईने पाटावर बाबांचा रिमोटही मांडला. मधुमेहाने बाबांचे तळपाय इतके जळायचे, की चादर लागली तरी ते कळवळायचे. म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या पाठीत यंत्र बसवलं. ते मणक्यातल्या नसांना बारीक करंट देतं आणि आग निवते. रिमोट त्याचाच.

“पूजा मशीनची करतात, रिमोटची नव्हे,” मी आईला चिडवलं.

आईने बाबांना वळवलं, सदरा वर केला आणि कमरेवरच्या, यंत्रामुळे आलेल्या टेंगळाला कुंकू लावून हात जोडले. घरात राबणाऱ्या वस्तूंना वर्षातून एकदा तरी नमस्कार मिळतो. माणसंच राहून जातात, असं मला वाटून गेलं.

भिंतीकडे तोंड करून बाबांनी विचारलं, “नमस्कार मला की मशीनला?”

“जे काम करतं त्याला.”